सातनंतरचा दवाखाना : मुंबईच्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,



हे पत्र एका मागणीसाठी आहे, म्हणून मागणी आधीच सांगते. पालिकेच्या येत्या अर्थसंकल्पात एचआयव्ही प्रतिबंधासाठी पालिकेचा स्वतःचा, वेगळ्या लेखाशीर्षाखाली दिसेल असा निधी ठेवावा. त्यातून एचआयव्हीची चाचणी आणि प्रतिबंधाच्या सेवा संध्याकाळी चालणाऱ्या पालिका दवाखान्यांत रोजच्या रोज मिळाव्यात. आणि आज गल्लीबोळांत, लॉजवर, फलाटांवर फिरून हे काम करणाऱ्या, मानधनावर तग धरून असलेल्या माणसांना या शहराचे आरोग्य कर्मचारी म्हणून वेतन मिळावे.

मुंबईत एचआयव्हीचे काम होत नाही, असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः काही वर्षे समुपदेशक म्हणून या कामात होते आणि हे काम किती निष्ठेने चालते ते मी जवळून पाहिले आहे. मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था १९९८ साली पालिकेच्याच पुढाकाराने उभी राहिली. इमारती पालिकेच्या, रुग्णालये पालिकेची. पण प्रतिबंधाचे काम मुख्यतः नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या), म्हणजे केंद्राच्या निधीवर चालते, कर्मचारी बहुतांशी कंत्राटी आहेत, आणि त्यामुळे पालिकेच्या मनात या कामाची जागा भाडेकरूची आहे. डेंग्यूच्या अळ्या शोधणे पालिकेला आपले काम वाटते. लेप्टो आपला वाटतो. क्षयरोगही आता आपला वाटू लागला आहे. एचआयव्हीचे नाव निघाले की मात्र फाइल दिल्लीकडे बोट दाखवते. २०२५-२६ सालचा आपला अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेने आपल्याच नागरिकांच्या लागणीचा प्रश्न वरून येणाऱ्या हप्त्यावर सोडावा, हे मला पटत नाही.

आता काळजीचे दिवस सरले, असे म्हणणारे अधिकारी मला भेटतात. त्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. १९८६ साली चेन्नईत देशातल्या पहिल्या लागणी उघड झाल्या आणि त्याच वर्षी एड्सचा पहिला रुग्ण मुंबईत नोंदला गेला. पुढच्या दहा वर्षांत कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीत तपासलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणी बाधित निघू लागल्या. मस्जिद बंदरच्या गोदामांत पाठीवर पोती वाहणारे, गाळ्यात दहा-पंधरा जणांत पथारी टाकणारे सातारा-सांगलीकडचे गडी गणपतीला, शिमग्याला, यात्रेला गावी जात आणि आजार त्यांच्याबरोबर जाई. नवरा वर्षभरात जायचा, मग बायकोची बारी. सासरची माणसे तिचे ताट वेगळे करत, काही ठिकाणी तिला पोरासकट माहेरी धाडत आणि शेतातला हिस्साही नाकारत. ‘मुंबईचा आजार’ म्हणून घाटावरच्या गावांनी जे सोसले, त्याचा हिशेब कुणी नीट मांडलेला नाही. सांगलीत १९९२ साली ‘संग्राम’ संस्थेचे काम उभे राहिले ते याच होरपळीतून.

तिथून आपण फार पुढे आलो. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, द्यायला सुरुवात केली आणि जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या मोजक्या केंद्रांपैकी एक होते. २०१७ पासून रक्तातल्या सीडी-फोर पेशी किती उरल्या याची वाट न पाहता निदान झाले की औषध, हे धोरण आले. आज एक गोळी रोज घेणारा माणूस साठीपर्यंत, सत्तरीपर्यंत जगतो, नातवंडे खेळवतो. त्याच्या रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला की शरीरसंबंधातून त्याच्याकडून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता शास्त्राने पक्के केले आहे. ही गोष्ट मी कितीतरी जोडप्यांना सांगितली आहे, आणि ती ऐकताना समोरच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यासाठी माणसाने ही नोकरी जन्मभर करावी.

पण नाकोच्याच २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक माणसे एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्या एका वर्षात सुमारे ६८ हजार जणांना नव्याने लागण झाली. बाधितांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे. आलेख उतरतो आहे हे खरे. तो उतरतो आहे कारण रोज कुणीतरी तो खाली ओढून धरतो आहे.

ते ‘कुणीतरी’ कोण, हे आपल्यापर्यंत पोचवण्यासाठीच मी लिहायला बसले.

कागदावर तिला ‘पिअर एज्युकेटर’ म्हणतात, वस्तीत नुसते ‘पिअर’. ती स्वतः धंद्यात असते किंवा होती, हिजडा असते, किंवा तो कधीकाळी नशेची सुई टोचून घेणारा असतो. साधारण साठ बायकांमागे एक पिअर, असे गणित आहे. त्या साठ जणींची नावे, खऱ्या-खोट्या वयांसकट, तिच्या यादीत असतात. दर महिन्याला प्रत्येकीची भेट, तीन महिन्यांनी क्लिनिकमध्ये तपासणी, सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी. पिशवीत कंडोम. कुणाचे पोर तापाने फणफणले आहे, कुणाचा ‘मालक’ मारतो, कुणाच्या गोळ्या चार दिवसांपासून बंद आहेत, कुठल्या लॉजचा मॅनेजर बदलला आणि नवा कंडोम ठेवू देत नाही, हे सगळे तिला ठाऊक असते आणि त्यातले बरेचसे कुठल्याच रकान्यात बसत नाही. कोलकात्यात डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ साली सोनागाछीत ही पद्धत उभी केली. डॉक्टरांनी बायकांना शिकवण्यापेक्षा बायकांनीच बायकांना सांगावे, हा त्यांचा आग्रह होता. तो इतका बरोबर ठरला की देशाचा सगळा कार्यक्रम त्यावर उभा राहिला.

वीस वर्षांपूर्वी हे काम कष्टाचे होते, पण पत्ता ठरलेला होता. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या, फोरास रोड, घाटकोपर-भांडुपचे ठरलेले अड्डे, वडाळ्याचा ट्रक टर्मिनस. पिअर जिना चढली की एका मजल्यावर वीस जणी भेटत. आज कामाठीपुरा रिकामा होत चालला आहे. जागांचे भाव चढले, कोविडने उरलासुरला धंदा मोडला, आणि आता म्हाडाचा समूह पुनर्विकास येतो आहे. इमारती पडतील, टॉवर उभे राहतील, ते व्हायलाही हवे, पडक्या चाळीत कुणीच राहू नये. पण बायका कुठे गेल्या? त्या तुर्भ्याला गेल्या, भिवंडीला गेल्या, नालासोपाऱ्यात दोघी-तिघींनी मिळून भाड्याची खोली घेतली. धंदा फोनवर आला. गिऱ्हाईक फोन करते, ती रिक्षाने लॉजवर जाते, दोन तासांत परत. शेजाऱ्यांना ती केटरिंगमध्ये काम करते असे माहीत असते. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचे असेच. पूर्वी बागा, स्टेशनांची स्वच्छतागृहे, ठरावीक लोकल डबे अशी भेटण्याची ठिकाणे होती, आता ॲप आहे, आणि विशीतला मुलगा संस्थेच्या कार्यकर्त्याला कधी भेटतच नाही.

म्हणजे साठ जणी आता साठ पत्त्यांवर आहेत, त्याही तीन महापालिकांच्या हद्दीत. पिअरला रिक्षाचे भाडे, फोनचा रिचार्ज, दिवसाचे बारा तास लागतात. तिचे मानधन आहे तेच, त्यावर घर चालत नाही, आणि वरून निधीचा हप्ता उशिरा आला की तेही उशिरा. कुशल पिअर हे काम सोडून घरकामाला लागते. एका वस्तीत विश्वास कमवायला पाच वर्षे लागतात, तो तिच्याबरोबर निघून जातो. नव्या मुलीला कुणी दार उघडत नाही. साथरोगाच्या नियंत्रणात याहून महाग नुकसान मला माहीत नाही.

आता वेळेकडे येते. चाचणी केंद्रे, म्हणजे आयसीटीसी, बहुतेक ठिकाणी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत चालतात. सकाळी नऊच्या सुमाराला सुरू, दुपारी चारच्या आसपास बंद. या वेळेत कोण येऊ शकते ते पाहावे. लॉजवर काम करणारी पहाटे तीनला झोपलेली असते. गोवंडीच्या जरी कारखान्यातला कारागीर त्याच खोलीत काम करतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, आणि दिवसा उठून गेला तर नगावरची मजुरी बुडते. नाका कामगाराने सकाळी आठला नाका सोडला तर त्या दिवशी काम मिळत नाही. इंजेक्शनने नशा करणाऱ्याला बुप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रावर जाऊन, कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवून घ्यायची असते, रोज. ही गोळी सुईपासून, आणि म्हणून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सीपासून वाचवते. पण तो सुधारून हमालीला लागला की गोळीची वेळ आणि कामाची वेळ एकच येते. आपणच त्याला बरे करतो आणि आपणच त्याला नोकरी आणि गोळी यांतले एक निवडायला लावतो.

माझ्यासमोर एकदा एक तरुण बसला होता, सोमवारी दुपारी. शनिवारी रात्री कंडोम फाटला होता. धोक्याच्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतले तर लागण टळू शकते, आणि जितके लवकर तितके चांगले. हे त्याने फोनवर वाचले होते, म्हणून तो त्याच रात्री एका रुग्णालयाच्या अपघात विभागात गेला. तिथे त्याला ‘सोमवारी या’ सांगितले गेले. त्या दीड दिवसात त्याला काय वाटले असेल ते मी लिहीत नाही. कुठल्याही पालिका रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री दोन वाजताही पहिल्या काही दिवसांच्या गोळ्या हातात पडाव्यात, कारण न विचारता, नैतिकतेचा पाठ न देता. यासाठी नवी इमारत लागत नाही. एक परिपत्रक, औषधाचा छोटा साठा आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण लागते.

संध्याकाळचा दवाखाना तर आपण आधीच उभारला आहे. २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ ही योजना वस्त्यांत पसरली. रात्री दहापर्यंत दवाखाना चालवता येतो, लोक येतात, हे पालिकेने स्वतः दाखवून दिले. मग तिथे रक्तदाब आणि साखरेबरोबर एचआयव्ही आणि सिफिलिसची बोटातल्या थेंबाची तपासणी ही रोजची, सगळ्यांना विचारली जाणारी गोष्ट करावी. हो म्हणणे किंवा नको म्हणणे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. लाल फितीचा फलक लावलेली वेगळी खोली नको, कारण त्या खोलीत शिरताना कुणी पाहिले तर, या भीतीने माणसे परत फिरतात. पालिकेच्या प्रसूतिगृहांत हे आपण किती सहजपणे केले आहे! गरोदर बाईचे हिमोग्लोबिन, रक्तगट आणि एचआयव्ही एकाच रक्तात, एकाच दिवशी तपासले जाते, ती बाधित असली तर औषध सुरू होते आणि बाळ बहुतेकदा निरोगी जन्मते. सासूला काही कळत नाही, कुणाची मान खाली जात नाही. आईसाठी जमले ते जरी कारागिरासाठी जमेल.

एम-पूर्व विभागाबद्दल फार लिहीत नाही, आपल्या टेबलावर त्याचे अहवाल असतीलच. देवनारच्या कचराभूमीच्या कडेला, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत क्षयरोग आहे, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सर्वाधिक बळी क्षयरोगच घेतो. तिथे या दोन तपासण्या दोन इमारतींत, दोन दिवशी, दोन चिठ्ठ्यांवर होऊ नयेत, एवढेच म्हणते.

आपल्या एका पूर्वसुरींचा उल्लेख इथे करायला हवा. हॅरी ॲक्वर्थ १८९० च्या दशकात मुंबईचे पालिका आयुक्त होते. मराठी वाचकाला ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी गोंधळ्यांकडून मराठी पोवाडे मिळवून १८९१ साली छापले, आणि ते नसते तर आपल्या शाहिरीचा मोठा ठेवा विरून गेला असता. त्याच ॲक्वर्थांनी १८९० साली रस्त्यावरच्या कुष्ठरुग्णांसाठी वडाळा-माटुंग्याच्या वेशीवर आश्रम उभा केला. हेतू दयेचा होता, पण पद्धत त्या काळाची : माणसे उचलायची, एका आवारात ठेवायची, शहर मोकळे करायचे. आज मुंबईच्या एड्स नियंत्रण संस्थेचे कार्यालय त्याच आश्रमाच्या, म्हणजे आताच्या ॲक्वर्थ रुग्णालयाच्या आवारात आहे. जागा उपलब्ध होती म्हणून ती मिळाली असेल. तरी त्या फाटकातून आत जाताना मला नेहमी वाटे की ज्या आजारांची आपल्याला लाज वाटते, ते सगळे हे शहर एकाच कुंपणाआड नेऊन ठेवते.

कुंपणाचा मोह कायद्यालाही झाला होता. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा नावाच्या तरुणाने रक्तदान केले, त्यातून तो बाधित असल्याचे कळले, आणि पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग आरोग्यधामात एकट्याला डांबले. गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदा तशी मुभा देत होता. त्याची आई लुसी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने कायदा वैध ठरवला. डॉमिनिक मात्र सुटला, बाधितांच्या हक्कांसाठी उभा राहिला आणि १९९२ साली गेला. त्याच उच्च न्यायालयाने १९९७ साली एका हंगामी कामगाराच्या खटल्यात सांगितले की माणूस काम करायला सक्षम असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याची नोकरी काढता येणार नाही, आणि त्या कामगाराला नाव न उघडता, टोपणअक्षरांनी दाद मागू दिली. आठ वर्षांत एवढे अंतर कापले गेले, आणि ते बाधित माणसांनी आणि त्यांच्या वकिलांनी कापले. पुढे १० सप्टेंबर २०१८ पासून एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, परवानगीशिवाय कुणाचा अहवाल उघड करायचा नाही, उपचारात, शाळेत, नोकरीत, भाड्याच्या घरात भेदभाव नाही. मोठ्या आस्थापनांत तक्रार अधिकारी हवा, राज्यात लोकपाल हवा. आपल्या रुग्णालयांतल्या किती परिचारिकांना, किती वॉर्डबॉयना हे माहीत आहे, याची एकदा चौकशी व्हावी. खाटेच्या पायथ्याशी लाल पेनाने केलेली खूण मी पाहिली आहे. ती करणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता, त्याला कुणी कायदा सांगितलाच नव्हता.

पोलिसांविषयी एक परिच्छेद, कारण त्यांच्याशी आपल्या कार्यालयाचा रोज संबंध येतो. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक काम करणाऱ्यांच्या प्रतिष्ठेबद्दल निर्देश दिले, त्यात कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये असे स्पष्ट म्हटले. तरी पर्समध्ये कंडोम सापडला की धाक दाखवला जातो, असे बायका आजही सांगतात. म्हणून त्या कंडोम जवळ ठेवत नाहीत. एका हाताने सरकार कंडोम वाटते, दुसऱ्या हाताने तो बाळगणाऱ्याला घाबरवते. आपण आणि पोलीस आयुक्तांनी मिळून एक संयुक्त सूचना काढली आणि ती प्रत्येक ठाण्यात वाचून दाखवली गेली, तर पिअरच्या अर्ध्या कष्टांना फळ येईल.

२०२५ साली जे घडले त्यामुळे हे पत्र टाळता येईना. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या मदतीतून हैदराबादमध्ये ‘मित्र क्लिनिक’ सुरू झाले. तृतीयपंथी माणसांसाठी त्यांच्यातल्याच डॉक्टरांनी, समुपदेशकांनी चालवलेला दवाखाना. पुढे कल्याणला आणि पुण्याला तशीच केंद्रे निघाली. तिथे कुणी नाव पुकारताना अडखळत नसे, कुणी कपड्यांकडे पाहत नसे, संप्रेरकांचा सल्ला, मनाचा आधार, एचआयव्हीची चाचणी आणि औषधे एका छताखाली. २०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये परदेशी मदत गोठवण्याचा हुकूम निघाला आणि तिन्ही क्लिनिक बंद पडली. कल्याणच्या हिजड्यांनी कुणाकडे दाद मागायची? वॉशिंग्टनकडे? ज्याला आपले म्हणावे असे दार त्यांना पहिल्यांदा मिळाले होते.

मुंबईने याहून चांगले करून दाखवले आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर, समलैंगिक संबंध गुन्हा असतानाच्या काळात, याच महापालिकेने ‘हमसफर ट्रस्ट’ला सांताक्रूझच्या वाकोल्यात आपल्या इमारतीत जागा दिली. ती संस्था आजही उभी आहे आणि हजारो मुले तिथे पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. कलम ३७७ चा काच २०१८ साली गेला, पालिकेने जागा त्याच्या वीसेक वर्षे आधी दिली होती. ती धमक पुन्हा दाखवा. ज्या विभागांत हिजडा समाजाचे डेरे आहेत, तिथे आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्यांच्याच कार्यकर्त्यांनी चालवलेला दवाखाना पालिकेच्या पगारावर सुरू होऊ शकतो. गुरूंशी बोलून वार ठरवावेत, एवढी काळजी घ्यावी, म्हणजे टोळी बाजारात मागायला फिरते त्या दिवशी दवाखाना ओस पडणार नाही.

आता औषधाबद्दल. लागण होण्याआधी घ्यायची प्रतिबंधक गोळी, प्रेप, जागतिक आरोग्य संघटनेने धोका असलेल्या सगळ्यांसाठी २०१५ सालीच सुचवली. ती भारतात बनते, जगभर जाते, आणि इथल्या गरिबाला खिशातून घ्यावी लागते. आता तर सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे लेनाकापाविर हे इंजेक्शन आले आहे. आफ्रिकेतल्या एका चाचणीत ते घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. २०२७ पासून हैदराबादच्या दोन कंपन्या ते गरीब देशांसाठी माणशी वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देणार आहेत. रोजची गोळी लपवायला जागा नसलेल्या बाईला वर्षातून दोन सुया म्हणजे काय, हे मी समजावून सांगायला नको.

इथे मला २००१ साल आठवते. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘सिप्ला’ने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी जाहीर केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. त्या एका निर्णयाने आफ्रिकेतली लाखो माणसे पुढे वाचली. पण त्याच मुंबईतल्या रुग्णाला मोफत औषध मिळायला २००४ उजाडले. मधल्या तीन वर्षांत आपल्या वॉर्डांमधून किती जण गेले! औषध शहरात तयार होत होते, आणि व्यवस्था तयार नव्हती. नवे इंजेक्शन येईल तेव्हा ते द्यायची जागा, देणारी परिचारिका, सहा महिन्यांनी त्या बाईला शोधून आणणारी पिअर, हे सगळे आधीपासून उभे असायला हवे. देशपातळीवरचा निर्णय केंद्राचा, पण पथदर्शी प्रकल्प मागून घेण्याचा अधिकार मुंबईला आहे. तो मागावा.

पुरवठ्याचेही असेच. २०२२ च्या पावसाळ्यात एआरटीच्या काही गोळ्यांचा तुटवडा पडला आणि बाधित माणसे दिल्लीत नाकोच्या कार्यालयासमोर अनेक आठवडे बसून राहिली. महिन्याच्या जागी आठवड्याच्या गोळ्या मिळू लागल्या की रोजंदारीवरच्या माणसाचे चार दिवस रांगेत जातात. पालिकेने तीन महिन्यांचा स्वतःचा राखीव साठा ठेवावा. हाफकिन संस्थेच्या या शहराला औषधांचा साठा कसा करावा हे शिकवायला नको.

काही जण म्हणतील की स्थलांतरित, धंद्यातल्या बायका, गर्दुल्ले यांच्यावर करदात्याचा पैसा का खर्च करावा. मी त्यांना एवढेच सांगेन की ती माणसेही साबण विकत घेताना कर भरतात, त्यांनी बांधलेल्या इमारतींत आपण राहतो, त्यांनी वाहिलेल्या पोत्यांतले धान्य आपण खातो. आधार कार्डावरचा पत्ता बलियाचा आहे की बोरिवलीचा, हे चाचणीच्या खिडकीवर विचारले जाऊ नये. आजच्या नियमातही ते आवश्यक नाही. तरी खिडकीवरचा माणूस विचारतो, आणि समोरचा काही न बोलता निघून जातो.

पालिकेचा अर्थसंकल्प सहसा फेब्रुवारीत मांडला जातो आणि खात्यांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाची फेरी निघेल, आपल्याला लाल फीत लावायला बोलावतील, आपण जावेच. पण तोवर आरोग्य खात्याकडून चार आकडे मागवून घ्यावेत : संध्याकाळच्या किती दवाखान्यांत उद्यापासून चाचणी सुरू करता येईल, किती पिअर आणि समुपदेशक सध्या कंत्राटावर किंवा मानधनावर आहेत, त्यांना पालिकेच्या किमान वेतनावर घ्यायला वर्षाला किती रुपये लागतील, आणि अपघात विभागांत ठेवायच्या आपत्कालीन गोळ्यांचा खर्च किती. तिसरा आकडा पाहिल्यावर आपल्यालाही आश्चर्य वाटेल, इतका तो ७४ हजार कोटींपुढे लहान असेल. ते आकडे आले की जाहीर करावेत, म्हणजे आम्हा नागरिकांना नगरसेवकांकडे काय मागायचे ते कळेल. आणि मागण्यांवर चर्चा होईल त्या बैठकीला दोन पिअरना बोलवावे, त्यांचे त्या दिवसाचे भाडे देऊन.



आपली विश्वासू,
या शहरात समुपदेशक म्हणून काम केलेली एक नागरिक